आलं तेच लिही

दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर आल्या की महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत रात्री जागून जर्नलं पूर्ण केली जातात. ओहमच्या नियमाचा प्रयोग घ्या. मीटरवरचे आकडे नीट लागले नाहीत, किंवा प्रयोग झालाच नाही. मग मागच्या वर्षीच्या कुणाचं तरी जर्नल मिळवायचं, रोधाचं अपेक्षित उत्तर बघायचं, त्यावरून विद्युतधारेचे पाच आकडे उलट्या गणितानं काढायचे आणि आलेखावर सरळ रेघ मारायची. सगळे बिंदू रेघेवर अगदी अचूक बसले तर संशय येईल, म्हणून एखादा आकडा जरा इकडेतिकडे करायचा. दुसऱ्या दिवशी त्या पानावर सही होते.

हे इतकं सर्रास चालतं की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटेनासं झालं आहे. पालक शेजारी बसून मदत करतात, शिक्षक कानाडोळा करतात, आणि मुलं तर याला 'जर्नल कम्प्लीट करणं' म्हणतात. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलानं त्या रात्री नेमकं काय केलं ते पाहा. आपण न पाहिलेली गोष्ट 'पाहिली' म्हणून त्यानं लिहिली, आणि ती खरी वाटावी म्हणून तिच्यात विचारपूर्वक थोडी चूकही पेरली. पुढे हेच मूल अभियंता म्हणून पुलाच्या काँक्रीटची चाचणी घेईल, प्रयोगशाळेत कुणाच्या रक्ताचा अहवाल तयार करेल, कारखान्याच्या सांडपाण्याची नोंद ठेवेल. तिथे आकडा बदलायचा नसतो हे त्याला कोण शिकवणार? उलट शिकवण तर आपण शाळेतच देऊन ठेवली, आणि तीही विज्ञानाच्या तासाला.

वर्गात प्रयोग का हवेत याची कारणं आपल्याकडे नेहमी एकाच सुरात सांगितली जातात. प्रयोगानं विषय रंजक होतो, संकल्पना पक्क्या होतात, धडा लक्षात राहतो. हे सगळं खरं आहे. पण माझा आग्रह आणखी मुळाशी जाणारा आहे. जे दिसलं ते लिहायचं, ते पुस्तकाशी जुळलं नाही तरी लिहायचं, आणि मग ते का जुळलं नाही याचा शोध घ्यायचा, ही सवय लहान वयात हातानं काम करूनच लागते. ती मूल्यशिक्षणाच्या तासाला लागत नाही, सुविचार फळ्यावर लिहूनही लागत नाही.

पाण्यातल्या मेणबत्तीचा प्रयोग बहुतेकांनी पाहिलेला असेल. ताटलीत पाणी घ्यायचं, मधोमध मेणबत्ती पेटवून उभी करायची आणि तिच्यावर काचेचा ग्लास उपडा घालायचा. मेणबत्ती विझते, ग्लासात पाणी चढतं. याचं ठरलेलं स्पष्टीकरण पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं आहे: जळताना ग्लासातला ऑक्सिजन संपला, हवेत ऑक्सिजन साधारण एक पंचमांश असतो, म्हणून पाणी एक पंचमांश चढलं. मुलं मान डोलावतात, वहीत लिहून घेतात, प्रयोग संपतो.

आता हाच प्रयोग मुलांच्या हाती द्या आणि त्यांना फक्त नीट बघायला सांगा. ग्लास ठेवताक्षणी काठाखालून बुडबुडे बाहेर पडताना दिसतात. म्हणजे सुरुवातीला हवा बाहेर चालली आहे. मेणबत्ती जळत असताना पाणी फारसं हलत नाही. ज्योत विझते आणि त्यानंतर ते सरसर वर चढतं. ऑक्सिजन संपत गेल्यामुळे पाणी चढत असेल तर ते जळतानाच हळूहळू चढायला हवं होतं, विझल्यावर का चढलं? हा प्रश्न पाठ केलेल्या मुलाला पडत नाही. नीट बघणाऱ्या सहावीतल्या मुलीला पडतो. मग एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून पाहायच्या. त्याआधी प्रत्येकानं आपला अंदाज वहीत लिहून ठेवायचा, कारण निकाल लागल्यावर 'मला हेच वाटलं होतं' असं सगळेच म्हणतात. ग्लास तोच, त्यातला ऑक्सिजन तेवढाच. ठरलेलं स्पष्टीकरण बरोबर असेल तर पाणी तेवढंच चढलं पाहिजे. पण ते पहिल्यापेक्षा बरंच जास्त चढतं.

इथे वर्गात जी शांतता पसरते आणि मग जो गलका होतो, तो खरा विज्ञानाचा तास. खरं कारण मुलं बहुधा स्वतःच काढतात: ज्योतीनं हवा तापली, फुगली, काही बाहेर गेली. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसली, आणि तिची जागा पाण्यानं घेतली. जास्त मेणबत्त्या म्हणजे जास्त उष्णता, म्हणून जास्त पाणी. वाफ थंड होऊन तिचं पाणी होण्याचाही यात वाटा आहे. ऑक्सिजन पुरता संपण्याआधीच ज्योत विझलेली असते. एका साध्या मेणबत्तीनं मुलांना दोन गोष्टी शिकवल्या: छापलेलं वाक्य चुकू शकतं, आणि ते चुकीचं आहे हे मोठ्यांशी वाद न घालता, आणखी दोन मेणबत्त्या लावून दाखवता येतं. मायकेल फॅरडेनं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नाताळातली व्याख्यानमाला गुंफली ती नुसत्या एका मेणबत्तीभोवती. उपकरणांच्या कपाटाला कुलूप आहे म्हणून प्रयोग अडतात असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

एका जिल्हा परिषद शाळेत सातवीच्या वर्गात लंबकाचा तास चालू असलेला मी पाहिला. दोरा, दगड आणि खिडकीचे गज, एवढंच साहित्य. बाईंच्या मोबाइलमधलं घड्याळ. प्रत्येक गटानं एक मीटर दोऱ्याला दगड बांधून दहा झोक्यांना किती सेकंद लागतात ते मोजायचं होतं. फळ्यावर आकडे आले: 20, 20, 21, 18. अठरावाल्या गटातला मुलगा लगेच म्हणाला, "बाई, आमचं चुकलं, आम्ही वीस लिहितो." बाईंनी त्याचा खडू धरलेला हात थांबवला. "चुकलं कशावरून? आलं तेच राहू दे. पुन्हा मोजा, आणि या वेळी दुसरा गट तुमच्याकडे बघेल." दुसऱ्या गटातल्या मुलीच्या दोन मिनिटांत लक्षात आलं. दगड सोडतानाच हे 'एक' म्हणत होते. म्हणजे दहा मोजून होईपर्यंत झोके नऊच होत होते. मोजणी 'शून्य'पासून सुरू केली आणि वीस आले. एकवीसवाल्यांनी दोरा गाठीपर्यंतच मोजला होता. गाठीच्या खाली दगडापर्यंत चार बोटं दोरा उरला होता, तो हिशेबात धरलाच नव्हता.

त्या मुलानं खोडून वीस लिहिले असते तर आकडा बरोबर आला असता आणि शिकायचं ते राहून गेलं असतं. पुढे दोरा पाव केला, 25 सेंटिमीटर. जवळजवळ सगळ्या वर्गाचा अंदाज होता की वेळही पाव होईल, पाच सेकंद. आले दहा. दगड बदलून दुप्पट वजनाचा बांधला, तर वेळेत फरक नाही. एकाला हे काही केल्या पटेना. जड दगड जोरात जाणारच, असं त्याचं म्हणणं. बाईंनी त्याला समजावलं नाही, पुन्हा करून बघायला सांगितलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, एकदा मोजून विश्वास ठेवायचा नाही, आपल्या मोजण्यावर दुसऱ्याची नजर असू द्यायची. वैज्ञानिक पद्धत म्हणून पुस्तकात जो तक्ता असतो त्यातलं सगळं त्या तासात येऊन गेलं. तक्ता कुणी पाठ केला नाही.

त्याच वर्गात आणखी एक गोष्ट दिसली आणि ती अनेक शाळांत दिसते. गटात मुलगे-मुली एकत्र असले की दगड, दोरा, घड्याळ मुलग्यांच्या हातात जातं आणि वही-पेन मुलीच्या. 'तिचं अक्षर चांगलं आहे.' अक्षर चांगलं असल्याची ही शिक्षा आहे. प्रयोगशाळेतही कोपऱ्यात उभं राहून नोंदी करणारी मुलगी बारावीपर्यंत मीटरला हात न लावता पोहोचते. तसंच कुणाला उपकरणं धुवायला लावली जातात आणि कुणाला ती हाताळायला दिली जातात हेही डोळे उघडे ठेवून पाहिलं तर आपल्या समाजाचा जुना उतरंडीचा नकाशा दिसतो. म्हणून कामं आळीपाळीनं बदललीच पाहिजेत. हा शिस्तीचा मुद्दा समजू नये, न्यायाचा समजावा.

आता आक्षेप. वर्गात साठ मुलं, साहित्य नाही, वेळ नाही, पोर्शन पुरा होत नाही. यातला एकही आक्षेप खोटा नाही, पण एकही अटळ नाही, आणि हे सिद्ध होऊन पन्नास वर्षं झाली. 1972 साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांच्या पुढाकारानं, 16 सरकारी शाळांत सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगांतून शिकवायला सुरुवात झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ त्या खेड्यांतल्या शिक्षकांबरोबर बसले. 1978 पर्यंत कार्यक्रम जिल्हाभर गेला, 1982 मध्ये त्यासाठी 'एकलव्य' ही संस्था उभी राहिली. मुलांच्या 'बाल वैज्ञानिक' पुस्तकांत उत्तरं दिलेली नव्हती, ती प्रयोग करूनच भरायची होती. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा होती, आणि प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा होती. मुलांनी मनात येईल तो प्रश्न पोस्टकार्डावर लिहून 'सवालीराम'ला पाठवायचा आणि त्याचं उत्तर यायचं. पुण्याच्या टेल्कोतले एक तरुण अभियंता, अरविंद गुप्ता, 1978 मध्ये रजा घेऊन तिकडे गेले आणि आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन, घन असे आकार करायला शिकवू लागले. त्रिकोण दाबला तरी मोडत नाही, चौकोन लगेच कलंडतो, हे बोटांना कळतं, आणि पुलांच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात ते मग सांगावं लागत नाही. हेच काम त्यांनी पुढे पुण्यात 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं केलं.

मध्य प्रदेश सरकारनं 2002 साली हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं शेकडो सरकारी शाळांत चाललेली गोष्ट एका निर्णयानं थांबली. माझ्या मते हे आपल्या देशाच्या शिक्षणातलं फार मोठं नुकसान आहे, आणि त्याची मराठी शिक्षणविश्वात जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. पण तीस वर्षं तो चालला, खेड्यांत चालला, साध्या पगाराच्या शिक्षकांनी चालवला, हे कुणाला पुसता येणार नाही. साहित्य नव्हतं म्हणून तो थांबला नाही.

शिक्षकांच्या मनातला खरा अडसर वेगळाच असतो आणि तो उघड बोलला जात नाही. प्रयोग मुलांच्या हातात दिला की असा प्रश्न येतो ज्याचं उत्तर शिक्षकाला येत नाही. भर वर्गात 'मला माहीत नाही' म्हणायला आपल्याकडच्या शिक्षकाला धीर लागतो, कारण गुरुजींना सगळं येतं ही समजूत पालकांनी आणि खुद्द शिक्षणखात्यानं जोपासली आहे. जो शिक्षक 'मलाही ठाऊक नाही, करून बघू' असं म्हणतो त्याचा मुख्याध्यापकांनी मान ठेवायला हवा. त्याच्या तासाला गोंगाट होतो म्हणून त्याला बोलावून घेणं थांबायला हवं.

21 सप्टेंबर 1995, गुरुवार. गणपतीच्या मूर्ती दूध पीत असल्याची बातमी एका दिवसात देशभर पसरली. महाराष्ट्रातही देवळांपुढे रांगा लागल्या. त्या रांगांत पदवीधर होते, विज्ञान शिकलेले होते. चमचा सोंडेला टेकवला की पृष्ठताणामुळे दुधाचा पातळ ओघळ मूर्तीवर ओढला जातो आणि खाली उतरतो. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तो ओघळ दाखवलाही. पण मला विचार करायला लावते ती गोष्ट अशी की हे तपासायला शास्त्रज्ञ लागत नव्हता. तोच चमचा शेजारच्या पुतळ्याला, फरशीच्या कडेला, पितळेच्या तांब्याला लावून बघायचा. सातवीतल्या ज्या वर्गाविषयी मी लिहिलं त्यातल्या कुठल्याही मुलीला हे सुचलं असतं. पृष्ठताणाची व्याख्या त्या रांगेतल्या पुष्कळांनी कधीतरी परीक्षेत लिहिली होती. आणखी एका वस्तूला चमचा लावून बघायची सवय मात्र त्यांना कुणी लावली नव्हती.

इथे आम्हा प्रबोधन करणाऱ्यांनाही एक गोष्ट मान्य करावी लागेल. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चमत्कारामागचे प्रयोग गावोगाव करून दाखवले, आणि विवेकाच्या त्या कामाची किंमत दाभोलकरांना 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात प्राण देऊन चुकवावी लागली. त्यांचं बळ करून दाखवण्यात होतं. नुसत्या भाषणातून 'हे खोटं आहे' असं सांगितलं तर मूल एका मोठ्या माणसाऐवजी दुसऱ्या मोठ्या माणसावर विश्वास ठेवायला शिकतं. उद्या तिसरा कुणी 'हे विज्ञानानं सिद्ध झालंय' असं म्हणत व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही पाठवेल तेव्हा त्यावरही ते तसाच विश्वास ठेवेल. विज्ञानाच्या नावानं सांगितलेलं वाक्यही तपासून घेता आलं पाहिजे: किती वेळा करून पाहिलं, कशाशी तुलना केली, कुणी मोजलं. 1976 सालच्या 42 व्या घटनादुरुस्तीनं वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधकबुद्धी जोपासणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य ठरवलं. हे कर्तव्य पार पाडायला लागणारं कौशल्य मुलांना द्यायचं कोणी? शाळा सोडून दुसरी जागा मला दिसत नाही.

विज्ञान प्रदर्शनांकडेही या नजरेनं पाहावं. 28 फेब्रुवारीच्या, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, आसपास शाळांत टेबलांवर ओळीनं ज्वालामुखी मांडलेले असतात, खायचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस उसळतो, पाहुणे टाळ्या वाजवतात. मुलांनी कष्ट घेतलेले असतात, त्यांचं कौतुक करावंच. पण त्या टेबलावर प्रश्न कुठे असतो? सोडा दुप्पट घेतला तर फेस दुप्पट होतो का, लिंबाच्या रसानं आणि चिंचेच्या कोळानं काय फरक पडतो, हे मोजून मांडलेल्या टेबलाला पहिलं बक्षीस द्यायला सुरुवात करा. थर्मोकोल आणि रंगावरचा खर्च आपोआप कमी होईल.

आपल्या दहावीच्या विज्ञानात लेखी 80 गुणांबरोबर 20 गुण प्रात्यक्षिकाला आहेत. आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाडमध्येही प्रयोगाला 20 गुण असतात, पण तिथे विद्यार्थ्यापुढे कधी न पाहिलेली मांडणी ठेवतात आणि पाच तास देतात. भारताचे संघ निवडण्याचं आणि घडवण्याचं काम मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात चालतं, आणि 2015 ची ही स्पर्धाही मुंबईतच भरली होती. म्हणजे अशी परीक्षा कशी घ्यायची हे आपल्याच राज्यात ठाऊक आहे. ती निवडक मुलांसाठी राखून ठेवण्याचं कारण नाही. दहावीचे 20 गुण आज बहुतेक ठिकाणी जर्नल आणि ओळखीच्या प्रयोगावर वाटले जातात, आणि ते जवळजवळ पूर्ण दिले जातात, कारण कमी दिले तर शाळेचा निकाल घसरतो. त्यातले निदान 10 गुण अनोळखी पण साध्या प्रश्नाला ठेवावेत. हा दोरा, हा नट, एवढं घेऊन अमुक शोधून दाखव. उत्तर बरोबर आलं म्हणून नव्हे, नोंद प्रामाणिक आहे, मोजणी पुन्हा केली आहे आणि जुळलं नाही तिथे कारण शोधलं आहे म्हणून गुण द्यावेत. ज्या जर्नलमध्ये वर्गभर एकसारखे आकडे आहेत त्यावर सही करू नये.

मंडळाचा निर्णय होईपर्यंत थांबायचीही गरज नाही. मुख्याध्यापकांना आठवड्यातले दोन तास सलग जोडून देता येतात. पालकांना पालकसभेत गुणांऐवजी 'या महिन्यात वर्गात काय मोजलं' असं विचारता येतं. आणि शिक्षकाला येत्या जूनपासून एक नियम सुरू करता येतो: निरीक्षणं प्रयोग चालू असतानाच, पेनानं लिहायची. खोडरबर बाजूला. आकडा चुकला असं वाटलं तर त्याच्यावर एकच रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता यावा, आणि शेजारी का चुकलं ते लिहायचं.